वितळजोडाचे वायुकवच : सिलिंडरची निवड आणि भरणा

तापलेले लोखंड आणि हवा यांचे वैर फार जुने आहे. लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लालबुंद सळईवर घणाचा पहिला घाव पडताच तिच्या अंगावरून काळ्या खपल्या गळतात. हवेतील ऑक्सिजनाने लोखंडाचा पृष्ठभाग खाल्ल्याची ती खूण होय. भट्टीतील लोखंड तरी केवळ मऊ झालेले असते. विद्युत् प्रज्योतीच्या उष्णतेने ते प्रत्यक्ष वितळते, तेव्हा त्याचे तापमान १,५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते, आणि अशा द्रवरूप लोखंडात हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन सहज शिरतात. लोखंड गोठू लागले की, आत शिरलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू पाहतो. काही बुडबुडे निसटतात, काही वाटेतच अडकतात. नायट्रोजनामुळे जोड ठिसूळ होतो, तर ओलाव्यातून आलेल्या हायड्रोजनामुळे त्यास तडे जाऊ शकतात. असा जोड वरून पाहता गुळगुळीत दिसेल. परंतु बैलगाडीचा आस, जिन्याचा कठडा किंवा ट्रॅक्टरच्या मागील नांगर यांवर भार येईल तेव्हा तो दगा देईल. म्हणून धातू वितळलेला असेपर्यंत त्यास हवेपासून दूर ठेवणे, हा वितळजोडकामातील पहिला नियम होय.

हा नियम पाळण्याचा एक मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्यास कारागीर ‘रॉड’ म्हणतात, त्या धातूच्या सळईवर एक लेप दिलेला असतो. तो जळून वायू व मळी निर्माण करतो आणि ही मळी जोडावर सायीसारखी पसरून त्याचे रक्षण करते. दुसऱ्या पद्धतीत लेप नसतोच. रिळावर गुंडाळलेली उघडी तार यंत्राने सतत पुढे ढकलली जाते, तिच्या टोकाशी प्रज्योत पेटते आणि हातातील टॉर्चच्या तोंडातून तारेभोवती वायूचा झोत वाहत राहतो. या वायूचे अदृश्य छत्र हेच जोडाचे कवच होय. ही पद्धत अमेरिकेतील बॅटेल संशोधन संस्थेत १९४८ साली विकसित झाली. प्रथम ती महाग अशा अक्रिय वायूंवर अवलंबून होती व मुख्यतः ॲल्युमिनियमसाठी वापरली जाई. १९५३ साली सोव्हिएत संघातील ल्युबाव्हस्की व नोव्होशिलोव्ह यांनी कार्बन डाय-ऑक्साइडाचा वापर करून पोलाद जोडण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि हे तंत्र सामान्य कारखान्यांच्या आवाक्यात आले.

धातू आणि अक्रिय वायू या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीस ‘मिग’ असे नाव पडले. कार्बन डाय-ऑक्साइड हा वायू प्रज्योतीत अक्रिय राहत नाही, त्यामुळे काटेकोरपणे बोलायचे तर त्याच्या साहाय्याने होणाऱ्या कामास ‘मॅग’, म्हणजे सक्रिय वायूचे वितळजोडकाम म्हटले पाहिजे. परंतु व्यवहारात दोहोंनाही ‘मिग’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि भारतातील अनेक कारखान्यांत तर ‘सीओटू वेल्डिंग’ हेच नाव रूढ आहे. घरगुती विजेवर चालणारी लहान यंत्रे मिळू लागल्यापासून ही पद्धत मोठ्या कारखान्यांतून बाहेर पडून खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्यांच्या गल्लीत, शेतीची अवजारे दुरुस्त करणाऱ्यांच्या पडवीत आणि हौशी कारागिरांच्या अंगणातही येऊन पोहोचली आहे. यंत्र विकत घेताना फारसा प्रश्न पडत नाही. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो : वायू कोणता घ्यावा, किती घ्यावा, आणि तो संपल्यावर कोठे व कसा भरून घ्यावा?

कोणत्या धातूस कोणता वायू

कवच म्हणून आदर्श वायू तो, जो कोणत्याही पदार्थाशी संयोग पावत नाही. आर्गॉन हा असा वायू होय. लॉर्ड रॅली व विल्यम रॅम्से यांनी १८९४ साली त्याचा शोध लावला. हवेपासून मिळवलेला नायट्रोजन हा रासायनिक संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनापेक्षा किंचित जड का भरतो, या एका लहानशा विसंगतीचा पाठपुरावा करताना हा वायू हाती लागला. ग्रीक भाषेत त्याच्या नावाचा अर्थ ‘आळशी’ असा होतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ०.९३ टक्के आहे. हवा अतिशय थंड करून द्रवरूप केली, की तिच्यातील घटक आपापल्या उत्कलनबिंदूनुसार वेगळे करता येतात. नायट्रोजन उणे १९६, आर्गॉन उणे १८६ आणि ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो. आर्गॉन व ऑक्सिजन यांच्यात अवघ्या तीन अंशांचे अंतर असल्यामुळे त्यांना विलग करणे खर्चाचे काम ठरते, आणि आर्गॉनची किंमत चढी राहण्याचे हे एक कारण होय. ज्या हवेपासून जोडाचे रक्षण करावयाचे, त्या हवेतच हा रक्षक दडलेला आहे, ही गंमतीची गोष्ट म्हटली पाहिजे.

कार्बन डाय-ऑक्साइड मात्र स्वस्त आहे. खत कारखान्यांत अमोनिया तयार होताना आणि आसवन्यांत मळीचे किण्वन होताना तो उपफल म्हणून मिळतो. प्रज्योतीच्या उष्णतेने त्याचे विघटन होऊन कार्बन मोनॉक्साइड व ऑक्सिजन निर्माण होतात. हा ऑक्सिजन जोडाचे नुकसान करील, म्हणून तारेतच मँगॅनीज व सिलिकॉन मिसळलेले असतात. ते ऑक्सिजनास आपल्याकडे ओढून घेतात आणि काचेसारख्या तपकिरी ठिपक्यांच्या रूपाने जोडावर येतात. कार्बन डाय-ऑक्साइडामुळे जोड धातूत खोलवर मुरतो, हा त्याचा मोठा गुण होय. शिंतोडे अधिक उडतात आणि काम झाल्यावर ते छिन्नीने खरवडावे लागतात, हा त्याचा दोष होय.

या दोहोंचे मिश्रण केल्यास दोहोंचे गुण काही प्रमाणात साधतात. आर्गॉन ७५ ते ८० टक्के व उरलेला कार्बन डाय-ऑक्साइड असे मिश्रण साध्या पोलादासाठी सर्वत्र वापरले जाते. त्यात प्रज्योत शांत जळते, शिंतोडे कमी होतात आणि पातळ पत्रा सहसा जळून भोके पडत नाहीत. अगंज पोलादासाठी, म्हणजे स्टेनलेस स्टीलसाठी, आर्गॉनमध्ये एक-दोन टक्केच ऑक्सिजन किंवा अल्प प्रमाणात कार्बन डाय-ऑक्साइड घालतात, कारण अधिक कार्बनाने त्याची गंजरोधकता घटते. ॲल्युमिनियमसाठी केवळ शुद्ध आर्गॉनच घ्यावा लागतो. उलटपक्षी, शुद्ध आर्गॉन साध्या पोलादावर चांगला ठरत नाही. प्रज्योत भटकते, जोड अरुंद होतो आणि त्याच्या कडेने खाचा पडतात. जे महाग ते सर्वत्र उत्तम, हा समज येथे खोटा ठरतो.

नायट्रोजन स्वस्त मिळतो म्हणून तो वापरून पाहण्याचा मोह काहींना होतो. वितळलेल्या पोलादात तो विरघळतो व जोड मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र होतो. अग्निशामक नळकांड्यातील वायू वापरणे, हाही असाच फसवा मार्ग होय. ते नळकांडे वेगळ्या कामासाठी, वेगळ्या झडपेसह व पुष्कळदा द्रवच बाहेर काढणाऱ्या नळीसह बनवलेले असते. शिवाय ऐन आगीच्या वेळी ते रिकामे सापडेल, हा धोका निराळाच.

दोन वायू, दोन स्वभाव

आर्गॉन आणि कार्बन डाय-ऑक्साइड हे दोन्ही वायू पोलादी सिलिंडरांतून मिळतात, परंतु सिलिंडरच्या आत त्यांची स्थिती सारखी नसते. हा भेद ज्याने ओळखला, त्यास वायूच्या खरेदीत सहसा कोणी फसवू शकत नाही.

आर्गॉन सिलिंडरमध्ये दाबलेल्या वायूच्या रूपातच असतो. हवेच्या नित्याच्या दाबास सुमारे एक बार मानले, तर भरलेल्या सिलिंडरातील दाब १५० बारच्या घरात असतो. ४७ लिटर पाणी मावेल अशा सिलिंडरमध्ये या दाबाने सुमारे ७,००० लिटर वायू बसतो. वायू जसजसा खर्च होतो, तसतसा दाबमापकाचा काटा त्याच प्रमाणात खाली येतो. काटा ७५ वर आला, म्हणजे अर्धा वायू उरला. आर्गॉनचे प्रमाण अधिक असलेल्या मिश्रणासही हाच हिशेब लागू पडतो.

कार्बन डाय-ऑक्साइड मात्र दाबाखाली द्रवरूप होतो. २० अंश तापमानास सिलिंडरातील द्रवावरील वाफेचा दाब सुमारे ५७ बार असतो, आणि आत द्रव शिल्लक असेतोवर तो जवळजवळ तेवढाच राहतो. साधारणतः दोनतृतीयांश माल संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही, आणि तो घसरू लागतो तेव्हा द्रव संपलेला असतो. म्हणून या सिलिंडरातील माल दाबमापकावर नव्हे, तर वजनकाट्यावर मोजावयाचा असतो. सिलिंडरच्या खांद्यावर त्याचे रिकामे वजन कोरलेले असते. एकूण वजनातून ते वजा केले, की आतील वायूचे वजन मिळते. एक किलोग्रॅम द्रवापासून सुमारे ५४० लिटर वायू होतो. म्हणजे ३० किलोग्रॅमच्या भरण्यातून १६,००० लिटरांहून अधिक वायू मिळतो, आणि तेवढ्याच आकाराच्या आर्गॉनच्या सिलिंडरापेक्षा हे प्रमाण दुपटीहून अधिक आहे.

हा सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत. तो पाण्याने भरला असता पाण्याचे जे वजन भरेल, त्याच्या साधारण दोनतृतीयांश वजनाचाच द्रव त्यात घालतात. याचे कारण हवामानात आहे. ३१ अंशांच्या वर कार्बन डाय-ऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही. भारतातील उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधील तापमान याहून कितीतरी वर चढते. अशा वेळी सिलिंडर प्रमाणाबाहेर भरलेला असेल, तर आतील दाब झपाट्याने वाढून घातक ठरतो. ‘थोडा जास्त भरून द्या’ असा आग्रह ग्राहकाने कधीही धरू नये.

द्रवाची वाफ होताना उष्णता शोषली जाते. त्यामुळे काम सलग चालू राहिल्यास रेग्युलेटरवर हिम साचते आणि वायूचा प्रवाह अडखळतो. यासाठी कार्बन डाय-ऑक्साइडच्या रेग्युलेटरास विजेवर चालणारा तापक जोडतात. तापक नसल्यास मधून मधून विसावा द्यावा. ज्योतीने किंवा उकळत्या पाण्याने सिलिंडर कदापि शेकू नये. सिलिंडर आडवा ठेवून काम करू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. आडव्या सिलिंडरातून वाफेऐवजी द्रव बाहेर येतो व रेग्युलेटरात त्याचे शुष्क बर्फ होऊन मार्ग बुजतो.

किती मोठा सिलिंडर घ्यावा

लहान यंत्रावर ०.८ मिलिमीटर जाडीच्या तारेने काम करताना मिनिटास १० ते १५ लिटर वायू पुरतो. १२ लिटर हे सरासरी प्रमाण धरून हिशेब करता येईल. हिशेब प्रज्योत प्रत्यक्ष पेटलेली असते तेवढ्याच वेळाचा करावयाचा. मापे घेणे, कापणे, घासणे यांतच दिवसाचा बराच भाग जातो.

जाळ्या व दारे करणाऱ्या कारागिराची प्रज्योत दिवसाकाठी दोन तास पेटते असे समजू. त्यास रोज १,४४० लिटर वायू लागेल. कार्बन डाय-ऑक्साइडचा ३० किलोग्रॅमचा सिलिंडर त्यास ११ दिवस पुरेल, आर्गॉन-मिश्रणाचा ७,००० लिटरांचा सिलिंडर जेमतेम पाच दिवस. अशा कारागिराने मोठाच सिलिंडर घेणे हिताचे होय. भरण्याच्या प्रत्येक फेरीत वाहतूक व वेळ जातो, आणि लहान सिलिंडरात दर लिटरमागे किंमतही अधिक पडते.

याउलट, आठवड्यातून वीस मिनिटे प्रज्योत पेटवणाऱ्या हौशी माणसास २४० लिटरच लागतात. दहा लिटर पाणी मावेल एवढ्या लहान सिलिंडरात १,५०० लिटर मिश्रण बसते व ते त्यास सहा आठवडे पुरते. तेवढ्याच सिलिंडरात सुमारे साडेसहा किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मावतो व तो १४ आठवड्यांवर पुरतो. मोठा सिलिंडर घेतल्यास तो वर्षाहून अधिक काळ कोपऱ्यात उभा राहील, भाडे चढत जाईल, आणि एखाद्या सांध्यातून मिनिटास अर्धा लिटर वायू गळत असेल, तर एका रात्रीच्या दहा तासांत ३०० लिटर, म्हणजे आठवड्याच्या कामाहून अधिक वायू फुकट जाईल. साबणाचे पाणी सांध्यांवर लावून बुडबुडे येतात काय हे पाहणे आणि काम संपताच सिलिंडरची मुख्य झडप बंद करणे, या दोन सवयींनी जेवढा पैसा वाचतो, तेवढा स्वस्त विक्रेता शोधून वाचत नाही.

वायूचा प्रवाह वाढवला म्हणजे जोड अधिक सुरक्षित झाला, असेही नव्हे. फार जोराने वाहणारा वायू भोवऱ्यासारखा घुसळतो आणि बाहेरील हवा आत ओढून घेतो. डोक्यावरचा पंखा किंवा दारातून येणारा वाराही हे कवच उडवून लावतो. जोडात अकारण भोके दिसू लागली, तर वायूस दोष देण्यापूर्वी पंखा बंद करून पाहावा. उघड्यावरच काम करावयाचे असेल, तर साधा रॉड किंवा पोटात लेप भरलेली, वायूविना चालणारी तार अधिक विश्वासाची ठरते.

भरून घेताना

सिलिंडर मिळवण्याचे मार्ग दोन आहेत. पहिल्या मार्गाने विक्रेत्याकडे अनामत ठेवून त्याचाच सिलिंडर भाड्याने घ्यावयाचा आणि रिकामा झाला की भरलेल्या सिलिंडराशी बदलावयाचा. येथे सिलिंडरची तपासणी ही मालकाची जबाबदारी राहते. दुसऱ्या मार्गाने सिलिंडर स्वतःच विकत घ्यावयाचा. भाडे वाचते, परंतु तपासणीचा खर्च व काळजी स्वतःकडे येते. शिवाय बदलून घेताना नव्या सिलिंडरऐवजी जुना, तपासणी सरलेला सिलिंडर पदरी पडण्याची भीती असते. स्वतःच्या सिलिंडरवरील क्रमांक टिपून ठेवावा व तोच भरून मागावा.

भारतात वायूंचे सिलिंडर १८८४ च्या स्फोटक अधिनियमाखाली केलेल्या नियमांनी बांधलेले आहेत. १९८१ व २००४ च्या नियमांनंतर २०१६ साली नवे गॅस सिलिंडर नियम करण्यात आले. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. सिलिंडर भरण्यासाठी परवाना लागतो, आणि पोलादी सिलिंडरची सर्वसाधारणतः दर पाच वर्षांनी जलदाबाने चाचणी करावी लागते. सिलिंडरात पाणी भरून त्यावर नित्यापेक्षा अधिक दाब देतात. पोलाद किती ताणले जाते व दाब काढल्यावर कितपत मूळ आकारास येते, हे त्यात पाहिले जाते. आतून गंजलेला सिलिंडर या परीक्षेत उघडा पडतो. चाचणीची तारीख खांद्यावर ठोकलेली असते. ती उलटून गेली असेल, तर प्रामाणिक भरणा केंद्र सिलिंडर भरून देण्यास नकार देईल. हा नकार म्हणजे अडवणूक नव्हे. ओळखीने किंवा चार पैसे अधिक घेऊन जो असा सिलिंडर भरून देतो, तो ग्राहकावर उपकार करीत नाही.

वायू ओळखताना रंग ही पहिली खूण होय, शेवटची नव्हे. आर्गॉनचा सिलिंडर निळा व ऑक्सिजनचा काळा असा भारतीय संकेत आहे. परंतु धुराने व धुळीने रंग झाकतात, आणि कोणी पुन्हा रंगवलेलेही असतात. सिलिंडरवरील नाव वाचल्याविना रेग्युलेटर जोडू नये. आर्गॉन व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्या झडपांचे आटे वेगळे असतात, तर ज्वालाग्राही वायूंचे आटे उलट्या बाजूने फिरतात. एखादा रेग्युलेटर सहज बसत नसेल, तर ती अडचण नसून सूचना होय. जोडणीचा तुकडा बनवून किंवा आटे घासून तो बसवणे म्हणजे पहारेकऱ्यास ढकलून आत शिरणे होय.

सिलिंडर पूर्ण रिकामा करू नये. थोडा दाब शिल्लक ठेवून झडप बंद केली, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. आत ओलावा शिरला, तर तो पुढील भरण्यात मिसळतो आणि जोडात भोके पाडतो. मोठ्या सिलिंडरातून लहान सिलिंडरात घरीच वायू उतरवून घेण्याची क्लृप्ती अधूनमधून ऐकू येते. वजनाचे माप नाही, दाबाची खात्री नाही आणि परवाना तर नाहीच, अशा स्थितीत केलेला हा व्यवहार बेकायदा तर आहेच, शिवाय जिवावर बेतणाराही आहे. भरलेला सिलिंडर सायकलवरून वा मोटारसायकलवरून नेण्यासही नियमांनी बंदी आहे. तो उभा बांधून, झडपेवर टोपण बसवून चारचाकी वाहनातूनच न्यावा. झडप तुटल्यास आतील वायू एवढ्या वेगाने बाहेर पडतो, की जड पोलादी सिलिंडर तोफगोळ्यासारखा सुटतो.

जागेचा प्रश्न

भारतातील लहान कारागिराची कार्यशाळा व घर यांच्यामध्ये पुष्कळदा एकच भिंत असते, कधी तीही नसते. दिवसा जेथे काम चालते, तेथेच रात्री अंथरूण पसरले जाते. संरक्षक वायू जळत नाहीत व विषारी म्हणून ओळखले जात नाहीत, त्यामुळे त्यांच्याविषयी निष्काळजीपणा वाढतो. परंतु आर्गॉन व कार्बन डाय-ऑक्साइड हे दोन्ही हवेहून जड आहेत. बंद खोलीत ते जमिनीलगत साचतात. आर्गॉनास वास नाही, रंग नाही. तो हवेची जागा घेतो आणि माणसास कळण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपते. कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण हवेत दहा टक्के झाले, तर काही मिनिटांत बेशुद्धी येते.

एक साधा हिशेब या बाबतीत डोळे उघडण्यास पुरेसा आहे. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा खोलीत ३६ घनमीटर हवा मावते. तिच्यात दहा टक्के कार्बन डाय-ऑक्साइड होण्यास सुमारे सात किलोग्रॅम वायूची गळती पुरते. भरलेल्या सिलिंडरात तर तीस किलोग्रॅम असतो. म्हणून जेथे माणसे झोपतात तेथे सिलिंडर ठेवू नये, हा नियम अपवादरहित मानला पाहिजे. तो बाहेरच्या पडवीत, सावलीत, भिंतीस साखळीने बांधून उभा ठेवावा. काम करतानाही खिडक्या उघड्या असाव्यात. वारा जोडावर न येता धूर बाहेर जाईल अशी बसण्याची जागा निवडावी, कारण कार्बन डाय-ऑक्साइडाच्या प्रज्योतीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा खरोखरीच विषारी वायू आहे.

सारांश, साध्या पोलादाच्या रोजच्या कामास कार्बन डाय-ऑक्साइड पुरेसा आहे. पातळ पत्रा व सुबक काम यांसाठी मिश्रण घ्यावे आणि ॲल्युमिनियमसाठी शुद्ध आर्गॉन. सिलिंडरचा आकार प्रज्योतीच्या वेळेवरून ठरवावा. भरून घेताना तारीख, नाव व वजन या तीन गोष्टी पाहाव्यात. वितळलेल्या लोखंडावर वायूचे हे छत्र काही सेकंदच धरावे लागते. पण त्या सेकंदांत जोडाला जी बळकटी येते, तिच्यावर पुढे वर्षानुवर्षे कोणाचे तरी मूल कठड्याला टेकून उभे राहणार असते.